आधी बोट शोधा, माणूस मागून सापडतो
दर्यावर्दी पूर्वजांच्या शोधाबद्दल वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात आम्ही विचारलं होतं की तुमच्या घराण्यात कुणी समुद्रावर होतं का आणि त्यांचा माग काढताना कुठे अडलंय. इतकी पत्रं आणि मेसेज आले की सगळ्यांना वेगळं उत्तर देणं शक्य नाही, म्हणून सारखे प्रश्न एकत्र केलेत. काही उत्तरं लांबलीत, पण विषयच तसा आहे.

प्रश्न : ताई, आमच्याकडे एवढंच सांगतात की खापरपणजोबा ब्रिटिश बोटीवर होते, 1900 च्या आसपास. नाव माहितीये पण सर्च केलं की त्याच नावाची ढीगभर माणसं येतात आणि आपला कोणता तेच कळत नाही. सुरुवात कुठून करू?

उत्तर : नाव जरा बाजूला ठेवा आणि आधी बोट शोधा. समुद्रावरचे कागद बहुतेक बोटीच्या नावाने लावलेले असतात, माणसाच्या नावाने लावलेले फार कमी. खलाशी दर सफरीला नव्याने सही करायचा, आज या बोटीवर तर पुढच्या खेपेला दुसऱ्याच, मग ऑफिसवाल्यांनी हिशोब बोटीचा ठेवला. त्यामुळे घरात जे काही जुनं आहे ते सगळं बोटीच्या नावासाठी परत एकदा तपासा. फोटोत टोपीच्या पट्टीवर अक्षरं आहेत का, कोटाच्या बटणावर कंपनीचं चिन्ह आहे का, फोटोच्या मागे स्टुडिओचा शिक्का असेल तर तो कुठल्या बंदरातला आहे, हे सगळं मोबाईलवर फोटो काढून झूम करून बघा, नुसत्या डोळ्यांनी सुटतं. आणि घरातल्या म्हाताऱ्या माणसांना "ते कोण होते" असं विचारू नका, "त्यांच्या पेटीत काय काय होतं" असं विचारा, त्याने जास्त आठवतं.

बोटीचं नाव मिळालं की तिचा ऑफिशियल नंबर काढायचा. ब्रिटिश व्यापारी बोटींना 1855 पासून असा नंबर मिळायला लागला, पुढे मालक बदलला, बोटीचं नाव बदललं तरी नंबर तोच. एकाच नावाच्या बऱ्याच बोटी एकाच वेळी समुद्रावर असायच्या, त्यामुळे हा नंबर हाताशी नसेल तर तुम्ही भलत्याच बोटीमागे महिनोन्‌महिने फिराल.

मग क्रू लिस्ट. हा कॅप्टन आणि खलाशी यांच्यातला करारनामा असतो, एका माणसाला एक ओळ, त्यात नाव, वय, जन्माचं ठिकाण, हुद्दा, पगार, कधी चढला, कधी उतरला आणि शेवटी सही, लिहिता येत नसेल तर फुली. शिवाय एक रकाना असतो "याआधीची बोट" म्हणून. माझ्या मते सगळ्या कागदात हाच रकाना सगळ्यात मोलाचा, कारण त्यावरून तुम्ही मागच्या बोटीवर जाता, तिच्या लिस्टमध्ये त्याच्या मागची बोट मिळते आणि असं करत करत माणसाचं अख्खं आयुष्य उलटं उलगडत जातं, पार तो पोरगा म्हणून पहिल्यांदा चढला तिथपर्यंत.

अडचण अशी की या लिस्ट एका जागी नाहीत. लंडनच्या क्यू भागातल्या नॅशनल आर्काइव्हजने 1861 नंतरच्या लिस्टमधला फक्त 10 टक्के नमुना ठेवला, 1865, 1875, 1885 अशा 5 ने संपणाऱ्या बहुतेक वर्षांच्या लिस्ट ग्रीनिचच्या नॅशनल मेरिटाइम म्युझियमकडे गेल्या आणि उरलेल्यातला सगळ्यात मोठा साठा थेट कॅनडात, न्यूफाउंडलंडच्या मेमोरियल युनिव्हर्सिटीत आहे, 1863 ते 1938 मधल्या सुमारे 70 टक्के लिस्ट तिथे सांभाळल्यात. तुमच्या काळासाठी आधी 1915 बघा, त्या वर्षाच्या लिस्ट स्वयंसेवकांनी बसून टाइप केल्यात, नावाने सर्च होतात आणि फ्री आहेत. 1918 ते 1921 मध्ये तुमचे खापरपणजोबा अजून कामावर असतील तर आणखी एक गोष्ट करून बघाच, त्या वर्षांत प्रत्येक खलाशाचं कार्ड बनायचं आणि त्यावर फोटो लावायचे, ही कार्डं साउथॅम्प्टनच्या आर्काइव्हजमध्ये आहेत. ज्या माणसाचा घरात एकही फोटो नाही त्याचा चेहरा तिथे दिसू शकतो.

ज्यांचे पूर्वज दुसऱ्या देशांच्या जहाजांवर होते त्यांनी पण विचारलंय, तर थोडक्यात. डच ईस्ट इंडिया कंपनीची खलाशी आणि सैनिकांची यादी, साधारण 1699 ते 1794 ची, ऑनलाइन आहे आणि त्यात 7 लाखांहून जास्त नोंदी आहेत, त्यातले बरेच जण डच नव्हतेच. बाल्टिक समुद्रात जा-ये करणाऱ्या जहाजाचा कॅप्टन असेल तर डेन्मार्कच्या हेल्सिंगोरला भरायच्या जकातीच्या वह्या बघा. 1497 पासून 1857 पर्यंतच्या वह्या टिकल्यात, मध्ये खंड आहेत, पण तारीख, कॅप्टनचं नाव, त्याचं गाव आणि माल सगळं लिहिलेलं सापडतं. अमेरिकन व्हेलिंग, म्हणजे व्हेलची शिकार करणाऱ्या, जहाजांवरच्या खलाशांच्या याद्या न्यू बेडफर्डच्या म्युझियम आणि लायब्ररीमुळे ऑनलाइन शोधता येतात.

प्रश्न : आईच्या माहेरी एका शिडाच्या जहाजाचं ऑइल पेंटिंग आहे, पिढ्यान्‌पिढ्या भिंतीवर आहे. जहाजाचं नाव कुठेच नाही, खाली सहीसारखं काहीतरी आहे पण वाचता येत नाही. यातून काही कळू शकेल का की नुसतं शोभेचं आहे?

उत्तर : बरंच कळू शकेल! हा प्रश्न वाचून मला खरंच आनंद झाला, कारण अशी चित्रं म्हणजे कागदपत्रच असतं, फक्त रंगात.

19 व्या शतकात मोठ्या बंदरांत जहाजांची चित्रं काढून पोट भरणारे चित्रकार असायचे. गिऱ्हाईक म्हणजे कॅप्टन, मालक, कधी साधा खलाशीसुद्धा. आणि गिऱ्हाईक जहाज जाणणारं, एक दोर चुकला तरी पैसे देणार नाही. त्यामुळे आकाश आणि लाटा साच्यातल्या असल्या तरी डोलकाठ्या, शिडं, दोर हे सगळं सहसा नेमकं असतं. मार्सेलचं रू घराणं यात नावाजलेलं, लिव्हरपूलचा सॅम्युएल वॉल्टर्स, आणि न्यूयॉर्कजवळ राहणारा अंतोनिओ जेकबसन, ज्याने हजारो चित्रं काढली. जेकबसन तर सहीखाली स्वतःचा पत्ताही लिहायचा, तुमच्या चित्रात सहीनंतर लांबलचक अक्षरं असतील तर तो पत्ता आहे का बघा.

आता झेंड्यांकडे या. मागच्या बाजूला देशाचा झेंडा असतो, मधल्या डोलकाठीवर सहसा कंपनीचा किंवा मालकाचा. पण मला तुम्ही चार झेंड्यांची माळ शोधायला हवीये, एकाखाली एक लावलेले छोटे झेंडे. 1857 मध्ये व्यापारी जहाजांसाठी सिग्नलचा नवा कोड आला, त्यात 18 झेंडे होते आणि प्रत्येक झेंडा म्हणजे एक अक्षर, स्वर नाहीत, फक्त व्यंजनं. कोडमध्ये नोंदलेल्या जहाजाला चार अक्षरं मिळायची आणि समुद्रात दुसरं जहाज दिसलं की ते चार झेंडे चढवून आपली ओळख द्यायची. चित्रकार हेच चार झेंडे काढायचे, कारण कॅप्टनला आपलं जहाज ओळखू यायला हवं असायचं. झेंडे वरून खाली वाचायचे, त्या काळच्या कोडच्या तक्त्याशी ताडून अक्षरं काढायची आणि ती मर्कंटाइल नेव्ही लिस्ट नावाच्या ब्रिटिश जहाजांच्या वार्षिक यादीत शोधायची, तिथे सिग्नलची अक्षरं, जहाजाचं नाव आणि तो मघाचा ऑफिशियल नंबर एकाच ओळीत असतात. नंबर मिळाला की क्रू लिस्ट, क्रू लिस्ट मिळाली की तुमचा माणूस! भिंतीवरच्या चित्रापासून पूर्वजाच्या सहीपर्यंत अशी सरळ वाट आहे आणि लोक ते चित्र नुसतं पुसून ठेवतात याचं मला वाईट वाटतं. चित्र 1857 च्या आधीचं असेल तर झेंडे अक्षरांऐवजी आकडे दाखवत असतील, तो 1817 चा मॅरियटचा कोड, त्याच्याही जहाजांच्या याद्या छापल्या जायच्या. आणि 1901 पासून 26 झेंड्यांचा कोड चालू झाला तेव्हा तक्ता बदलतो, हे लक्षात ठेवा नाहीतर अक्षरं चुकतील.

मागचा देखावा पण बघा. लिव्हरपूलच्या चित्रांमध्ये नदीच्या तोंडावरचं पर्च रॉक दीपगृह दिसतं, ते 1830 मध्ये पूर्ण झालं, म्हणजे ते दिसत असेल तर चित्र त्यानंतरचं. मागे धूर सोडणारा डोंगर असेल तर ते नेपल्स आणि व्हेसुव्हियस. अमेरिकन झेंडा असेल तर तारे मोजा, 37 तारे 1867 ते 1877 आणि 38 तारे 1877 ते 1890, चित्रकाराने घाई केली नसेल तर तेवढ्यावरून दशक कळतं. वाफेची बोट असेल तर धुरांड्याचा रंग कंपनी सांगतो, लाल आणि वर काळी पट्टी असेल तर क्युनार्डपासून शोधायला सुरुवात करा.

एकच कळकळीची विनंती, चित्र घरी साफ करू नका, ओल्या फडक्याने तर नाहीच. खोलीत अंधार करून एका बाजूने टॉर्च मारा आणि फोटो काढा, तिरक्या उजेडात दबलेली अक्षरं वर येतात. मग चित्र उलटं करा, मागच्या लाकडी चौकटीवर फ्रेमवाल्याचं लेबल, पेन्सिलने लिहिलेलं नाव, असं काहीतरी बरेचदा असतं.

प्रश्न : आमच्याकडे शिंपल्यांची नक्षी असलेली अष्टकोनी पेटी आहे. पणजोबांनी बोटीवर फावल्या वेळात पणजीसाठी बनवली असं सगळे सांगतात. एका जाणकाराने हे खरं नाही म्हटलं तर आई फार दुखावली. कोण बरोबर?

उत्तर : जाणकार बहुतेक बरोबर आहेत, पण आईचंही फार काही गेलेलं नाही. अशा पेट्या खलाशी स्वतः बनवायचे असं खूप वर्षं मानलं गेलं, नंतर अभ्यासकांच्या लक्षात आलं की त्यातल्या बहुतेक कॅरिबियन बेटांपैकी बार्बाडोसला बनून विकल्या जायच्या, साधारण 1830 ते 1890 या काळात. आता हे असं बघा की पणजोबा बार्बाडोसला गेले होते याचा हा मोठा दुवा तुमच्या हातात आलाय, बोटींची यादी एकदम छोटी होते. आणि पणजीसाठी आणली हे तर कुणी खोटं ठरवलेलं नाहीच.

खलाशांनी स्वतः केलेली कला वेगळी ओळखू येते. ब्रिटिश खलाशी लोकरीने कॅनव्हासवर आपल्या जहाजाचं चित्र भरायचे, शिडं शिवायची सवय असल्यामुळे हातात सुई होतीच. व्हेलिंग जहाजावरचे व्हेलच्या दातावर कोरायचे आणि रेषांत काजळी भरायचे. असा दात घरात असेल तर म्युझियमला दाखवायला म्हणून सामानात टाकून परदेशी घेऊन जाऊ नका, व्हेलच्या दातांवर सीमापार नेण्याची आंतरराष्ट्रीय बंधनं आहेत, जप्त होऊ शकतो. फोटो पाठवा, तेवढं पुरतं.

प्रश्न : माझे पणजोबा इंग्रजांच्या बोटीवर आगवाला होते. साहेब लोकांची नावं सगळीकडे आहेत, आमच्या माणसाचं कुठेच नाही. लास्करांच्या, म्हणजे आपल्याकडच्या खलाशांच्या, नोंदी ठेवल्याच नव्हत्या का?

उत्तर : ठेवल्या होत्या, पण ज्या काळजीने गोऱ्या खलाशांच्या ठेवल्या तशा नाही. 1914 च्या सुमारास ब्रिटिश बोटींवर 50 हजारांहून जास्त लास्कर होते, म्हणजे त्या बोटी चालत होत्या त्या बऱ्याच अंशी यांच्या अंगमेहनतीवर, आणि पगार गोऱ्या खलाशाच्या मानाने कितीतरी कमी. त्यांचे करारनामे वेगळे असायचे, त्यामुळे मुख्य क्रू लिस्ट मिळाली आणि तिच्यात नाव नाही म्हणून थांबू नका, त्या बोटीचा लास्करांचा वेगळा कागद आहे का ते विचारा.

शोधताना तीन गोष्टी सांभाळा. नाव कारकुनाने कानाला ऐकू आलं तसं इंग्रजीत लिहिलेलं असतं, त्यामुळे एका नावाची जमतील तेवढी स्पेलिंग करून बघा आणि मोठ्याने वाचून बघा. हुद्दा माहितीये हा तुमचा फायदा आहे, कारण डेकवर सारंग म्हणजे टोळीचा मुकादम, तांडेल, सुकाणी, कसाब, इंजिनखान्यात आगवाला आणि कोळसावाला, स्वयंपाकाला भंडारी अशी वेगवेगळी टोळी वेगवेगळी लिहिलेली असते, तुम्ही थेट इंजिनखान्याच्या पानावर जा. आणि तिसरं म्हणजे सारंगाचं नाव टिपून ठेवा. भरती सारंगामार्फत व्हायची, तो आपल्या ओळखीतली, नात्यातली माणसं घेऊन चढायचा आणि बरेचदा तीच टोळी पुढच्या बोटीवर जायची. पणजोबांचं नाव वाचता येत नसेल पण सारंग तोच असेल आणि आसपासची चार नावं तीच असतील, तर माग सुटत नाही.

कंपन्यांचे जुने फोटो बघताना मला दर वेळी त्रास होतो, खाली कॅप्टनचं आणि ऑफिसरांचं नाव असतं आणि लास्करांच्या रांगेखाली बरेचदा नुसतं "क्रू". म्हणून फोटोवर बोट आणि साल असेल तर त्या वर्षाची लिस्ट काढून फोटोशेजारी ठेवा. कुठला चेहरा कुठल्या नावाचा ते सांगता येणार नाही, पण त्या रांगेतल्या माणसांची नावं तरी परत एकत्र येतील, आणि म्युझियमला कळवलंत तर तिथेही चढतील.

प्रश्न : आजोबांचे मोठे भाऊ दुसऱ्या महायुद्धात व्यापारी बोटीवर होते, बोट बुडाली, देह मिळाला नाही. वडील आता थकलेत, त्यांना एकदा तरी कुठेतरी जाऊन नमस्कार करायचाय. कुठे जायचं?

उत्तर : त्यांच्यासाठी जागा आहे. समुद्राशिवाय ज्यांना कबर नाही अशा व्यापारी खलाशांची स्मारकं कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशन सांभाळतं आणि त्यांच्या वेबसाइटवर नावाने फ्री शोधता येतं. लंडनला टॉवर हिलवर पहिल्या महायुद्धातले सुमारे 12 हजार आणि दुसऱ्यातले जवळपास 24 हजार खलाशी कोरलेत, आणि इथेही नावं बोटीखाली लावलेली आहेत, आधी बोट मग तिची माणसं. ते भारतातून भरती झालेले असतील तर मात्र टॉवर हिलला नाव मिळणार नाही. 1914 ते 1918 मधल्या 2 हजारांहून जास्त भारतीय खलाशांचं स्मारक मुंबईत मशीद बंदरला इंडियन सेलर्स होममध्ये आहे, आणि 1939 ते 1945 मधल्या सुमारे साडेसहा हजारांची नावं सन्माननोंदीच्या पुस्तकात आहेत, त्याची एक प्रत मुंबईत त्याच ठिकाणी आणि दुसरी बांगलादेशात चट्टग्रामला. जाण्याआधी वेळ विचारून घ्या, वडिलांना हेलपाटा नको.

वादळात किंवा आजारपणात गेलेल्या खलाशांची नावं या स्मारकांवर सहसा नसतात, त्यांच्यासाठी समुद्रावरच्या मृत्यूंची वेगळी रजिस्टरं आहेत, 1891 पासूनची, क्यूला. बोटीची ऑफिशियल लॉगबुक, म्हणजे बोटीवरच्या घडामोडींची नोंदवही, मिळाली तर तीही वाचा. माणूस गेला की त्याचे कपडे आणि सामान बोटीवरच लिलावात विकायचे आणि पैसे घरच्यांसाठी ठेवायचे, त्याची यादी लॉगमध्ये लिहिलेली सापडते, दोन शर्ट, एक चादर, बुटांचा जोड, कुणी काय घेतलं आणि कितीला. वडिलांसमोर वाचण्याआधी तुम्ही एकटे एकदा वाचा असं मी म्हणेन.

प्रश्न : शोधता शोधता कळलं की आमचा एक पूर्वज गुलामांच्या जहाजावर ऑफिसर होता. घरच्यांचं म्हणणं की हे बाहेर काढू नकोस. मी यावर चित्रमालिका करत होते, आता हातच चालत नाही.

उत्तर : थांबू नका, पण रोख बदला. तुमची चित्रमालिका आतापर्यंत त्या एका माणसाभोवती होती, जहाजात त्याच्याशिवाय शेकडो माणसं होती. स्लेव्ह व्हॉयेजेस नावाच्या डेटाबेसमध्ये 36 हजार सफरींची माहिती आहे, जहाज आणि कॅप्टनच्या नावाने शोधता येतं, किती जणांना चढवलं आणि किती जिवंत उतरले हेही बऱ्याच ठिकाणी आहे. अभ्यासकांच्या अंदाजाने सगळी मिळून सव्वा कोटी माणसं अशी अटलांटिक पार न्यायला जहाजांवर चढवली, त्यातली बरीच वाटेतच गेली. तुमच्या पूर्वजाची सफर तिथे मिळाली तर तो आकडा चित्रात यायलाच हवा.

ब्रुक्स नावाच्या लिव्हरपूलच्या जहाजाचा 1788 चा नकाशा तुम्ही पाहिला असेल, आडवी माणसं खच्चून भरलेली. गुलामगिरी थांबवण्याच्या चळवळीने तो छापून वाटला आणि त्या एका चित्राने फार मोठं काम केलं. त्यात दाखवलेल्या 454 जागा तर नवीन कायद्याने परवानगी दिलेल्या, त्याआधी याच जहाजाने 600हून जास्त माणसं नेली होती. पण त्या चित्रात सगळ्या आकृत्या एकसारख्या आहेत, चेहरा कुणालाच नाही, आणि आजच्या चित्रकाराला करण्यासारखं काम मला तिथेच दिसतं. लिव्हरपूलचं आंतरराष्ट्रीय गुलामगिरी म्युझियम 2025 च्या सुरुवातीला नूतनीकरणासाठी बंद झालं, ते उघडलंय का ते विचारून शक्य झालं तर बघून या. घरच्यांशी भांडू नका, पण लपवूही नका, ज्यांचे पूर्वज त्या जहाजात खाली बांधलेले होते त्यांचे वंशज पण आज शोध घेतायत आणि तुमच्या घरातला एखादा कागद त्यांना हवा असेल.

प्रश्न : सगळं पुरुषांचंच चाललंय. घरातल्या बायकांचं काय?

उत्तर : क्रू लिस्टमध्ये स्टुअर्डेस म्हणून, म्हणजे प्रवाशांची देखभाल करणाऱ्या, बायका आहेत, 1915 च्या लिस्टमध्येही, तेव्हा आजी-पणजीचं नाव टाकून बघाच. कॅप्टनच्या बायका सोबत जायच्या, मेरी ॲन पॅटनने तर 1856 मध्ये नवरा आजारी पडल्यावर वयाच्या 19 व्या वर्षी जहाज दक्षिण अमेरिकेच्या टोकाच्या केप हॉर्नला वळसा घालून सॅन फ्रान्सिस्कोला पोचवलं. आणि ज्या किनाऱ्यावर राहिल्या त्यांचा माग पगारातून लागतो, खलाशी पगाराचा काही भाग घरी द्यायला लावायचा त्याची नोंद करारनाम्यावर असते.

प्रश्न : मला पूर्वजांच्या बंदरांना जाऊन स्केचबुक करायचंय. पण मी चित्रकार नाही आणि तिथे गेल्यावर आता काय काढू असं होतं, सगळीकडे नुसते कंटेनर आणि क्रेन. काय काढावं?

उत्तर : बंदरात उभं राहून बंदर काढू नका, पाण्यावरून किनारा काढा. तुमच्या पूर्वजांनी ते गाव तसंच पाहिलं होतं, आधी क्षितिजावर एक फिकट डोंगर, मग मनोरा, मग दीपगृह. फेरी असेल तर फेरीने आत या, नसेल तर छोट्या बोटीने जरा बाहेर जाऊन परत फिरा. क्रेनच्या मागे डोंगराची कड बहुतेक तीच असते.

आणि चित्रकार नसाल तर उत्तमच, कारण ही नाविकांची चित्रपद्धत आहे. जुन्या सागरी नकाशांवर किनाऱ्याची लांबट चित्रं छापलेली असतात, अमुक दिशेला इतक्या मैलांवरून किनारा असा दिसतो म्हणून, नवख्या कॅप्टनला बंदर ओळखता यावं यासाठी. नौदलाच्या पोरांना हे काढायला शिकवायचे. चित्रकार व्हिसलर तरुणपणी अमेरिकेच्या किनारा सर्वेक्षण खात्यात अशाच प्लेट कोरायचा, 1854 मध्ये ॲनाकापा बेटाच्या चित्रावर त्याने स्वतःच्या मनाने समुद्रपक्ष्यांचे थवे घातले!

करायचं असं. कागद आडवा, रुंदीला उंचीच्या चौपट तरी. आधी पाण्याची सरळ रेघ. मग जमिनीची वरची कड, फक्त कड, आत काही भरायचं नाही. ठळक खुणा उभ्या रेघेने, मनोरा, दीपगृह, तुटलेला कडा. खाली तारीख, वेळ, बोटीचं नाव, आणि मोबाईलच्या होकायंत्रावरून त्या खुणेची दिशा. अर्ध्या तासाने जवळ आल्यावर पहिल्याच्या खाली परत तेच. साधारण 9 मीटर उंच डेकवरून क्षितिज 11 किलोमीटरवर असतं, त्यामुळे डोंगर आधी आणि पायथ्याची घरं नंतर वर येताना दिसतात, तीन-चार चित्रं एकाखाली एक काढलीत की गाव पाण्यातून उगवताना दिसतं. घरी आल्यावर त्या बंदराचा पूर्वजाच्या काळातला नकाशा शोधा, त्यावरच्या किनाऱ्याच्या चित्राशेजारी तुमचं लावा.

जुन्या जहाजावर चढता आलं तर जरूर चढा, पण कॅप्टनच्या केबिनमध्ये रेंगाळू नका, पुढे खलाशांच्या जागेत जा, छत डोक्याला लागतं का ते बघा, बसायला किती जागा ते हाताने मोजून लिहा. ग्रीनिचचं 1869 चं कटी सार्क, अमेरिकेत मिस्टिकला 1841 चं चार्ल्स डब्ल्यू मॉर्गन हे व्हेलिंग जहाज, इंग्लंडमध्ये हार्टलपूलला 1817 मध्ये मुंबईत वाडियांच्या गोदीत सागवानात बांधलेलं ट्रिंकोमाली, ही आत शिरून बघता येतात. पूर्वजाचं स्वतःचं जहाज मिळणं कठीण, त्याच काळातलं त्याच जातीचं मिळालं तरी खूप.

प्रश्न : गुडघ्यांमुळे प्रवास जमत नाही. घरबसल्या यातलं काय होईल?

उत्तर : स्मारकं आणि जहाजांवर चढणं सोडलं तर बरंचसं. 1915 च्या लिस्ट, डच कंपनीच्या नोंदी, बाल्टिकच्या जकात वह्या, सगळं घरून. लॉइड्स रजिस्टर या बोटींच्या छापील यादीचे 1764 पासूनचे खंड स्कॅन झालेत, त्यात बोट कुठे बांधली, कशाची, मालक कोण ते मिळतं. ग्रीनिचच्या म्युझियमची चित्रं वेबसाइटवर मोठी करून बघता येतात. मेमोरियल युनिव्हर्सिटीला बोटीचा नंबर आणि साल लिहून ईमेल करा, ते पैसे घेऊन प्रती पाठवतात, आणि ईमेलमध्ये पूर्वजाची गोष्ट लांबण लावून लिहू नका, नंबर आणि साल पहिल्या ओळीत टाका.